जावयाला कोण बोलणार

सानगडीतलं काकाजींचं हॉटेल एका पावसाळ्यात बंद पडायला आलं होतं. ते का, याची वेगवेगळी कारणं गावात अजून ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं धानाच्या रोवण्याचे दिवस होते, माणसं चिखलाच्या बांधीत गेली ती परत आलीच नाहीत. कुणी म्हणतं कामाची माणसं तेव्हापासूनच नागपूरची वाट धरायला लागली होती. कुणी म्हणतं काकाजी थकले होते. अशी चर्चा निघते तेव्हा बहुतेक वेळा मी तिथं पाहुणा म्हणून बसलेला असतो आणि मान डोलवत असतो. एकदा तर चर्चेला हातभार म्हणून मीच म्हणालो होतो, की हल्ली माणसं टिकतच नाहीत.

माणसं माझ्यामुळे टिकली नव्हती. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगायची वेळ आली नाही, कारण ते मला तिनंच सांगितलं होतं.

मी दिघोरीचा. घरी धानाची शेती, ती मोठा भाऊ बघायचा. मी चार बुकं जास्त शिकलो म्हणून पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून झालो. लग्न सानगडीच्या मुलीशी झालं, आणि त्याला वर्ष होतं न होतं तोच माझी बदली सानगडीलाच झाली. सासऱ्यांचा लगेच निरोप आला, घर मोठं आहे, खोली रिकामी आहे, या. पण सासऱ्याच्या घरात राहून, सासूच्या हातचं जेवून रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला घरजावई म्हणवून घ्यायचं नव्हतं. तेव्हा मी ताठ मानेनं एक खोली भाड्यानं घेतली. आई आजारी असायची म्हणून बायकोला दिघोरीलाच ठेवलं. आणि दोन वेळच्या जेवणाची सोय काकाजींच्या हॉटेलात लावली. ताठ मान ठेवायची तर तिचा भार कुणावर तरी पडतोच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

काकाजी म्हणजे माझ्या बायकोचे नात्यातले लांबचे काका. त्यांचं हॉटेल बसथांब्याला लागून होतं. कवेलूचं छप्पर, आत लाकडी बाकं, बाहेरच्या बाजूला मातीची भट्टी. सकाळी तर्री-पोहे, आलुबोंडे आणि चहा. दुपारी भात, वरण, एखादी भाजी. बाजाराच्या दिवशी लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि ते खायला लोक लांबच्या गावाहून पायी यायचे. काकू आत चुलीशी, काकाजी गल्ल्यावर, वाढायला दोन माणसं. काकाजींना मूलबाळ नव्हतं. जी थोडी शेती होती ती भावकीत गेली होती. हॉटेल बंद झालं तर म्हातारपणी कुणाच्या ओसरीवर जाऊन बसायचं, हा प्रश्न काकू उघड विचारायची. काकाजी तो विषय निघाला की भट्टीत लाकूड सारायला उठायचे.

दोन वाढप्यांपैकी एक ठेंगणा आणि अबोल. दुसरा उंच, चाळिशीच्या आतबाहेरचा, आणि त्याची जीभ त्याच्याहून लांब. लोक त्याचं बोलणं ऐकायलाच येत असं म्हटलं तर काकूच्या वड्यांवर अन्याय होईल, पण फार मोठा नाही.

गिऱ्हाइकं उर्मट असायचीच. बाजारचे व्यापारी, एस.टी.चे ड्रायव्हर, जंगलातले ठेकेदार, प्रत्येकाला घाई आणि प्रत्येकाचा आवाज चढलेला. उंच वाढपी कुणाचंच उधार ठेवायचा नाही. एक ठेकेदार भज्याचं ताट पुढे ढकलून म्हणाला होता, यात कांदा कुठी हाये? त्यावर हा शांतपणे म्हणाला, "शोधा न भाऊ, बसलेच आहा." एका ड्रायव्हरनं चहासाठी टेबल बडवलं तेव्हा यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काहून बोंबलून राहिले जी? घरी बोलू नाही देत का?" सगळं हॉटेल हसलं, ड्रायव्हरही हसला, आणि परतीच्या फेरीला पुन्हा त्याच बाकावर येऊन बसला. असं चालायचं. शिव्या जायच्या, टोमणे यायचे, चहा थंड व्हायच्या आत सगळं मिटलेलं असायचं.

मला मात्र त्यानं कधी टोमणा मारला नाही. माझ्यासमोर तो दुसराच माणूस व्हायचा. "या जवाईबापू," म्हणायचा आणि खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसून द्यायचा.

इथं माझ्या स्वभावाविषयी सांगायला हवं. घरी मी मोठ्या भावापुढे बोलत नसे. कचेरीत साहेबापुढे बोलत नसे. बायकोपुढे बोलायला विषय सुचत नसे. लोक म्हणत, माणूस गरीब आहे. ते खरं होतं, पण त्याचं कारण असं की मोठ्यानं बोलायला मला तोवर सुरक्षित जागा सापडली नव्हती. ती काकाजींच्या हॉटेलात सापडली.

पहिल्यांदा मी फक्त इतकं म्हणालो की वरण निवलं आहे. उंच वाढप्यानं काही न बोलता गरम वरण आणलं. मला ते फार आवडलं. वरण नव्हे, त्याचं न बोलणं. दुसऱ्या दिवशी मी भात चिकट आहे म्हणालो. मग पेला नीट घासलेला नाही म्हणालो. मग हाक मारायच्या ऐवजी पेला टेबलावर आपटायला लागलो. माझा आवाज असा असू शकतो हे मलाच नवीन होतं, आणि मी तो रोज दोनदा ऐकायला जात होतो. "डोळे आहेत का बटनं?" हे वाक्य मी ठेंगण्या वाढप्याला म्हटलं होतं. साहेबानं ते सकाळी मला म्हटलं होतं. मी ते दुपारपर्यंत जपून आणलं.

शेजारच्या बाकावरच्या ड्रायव्हरला टोमणा बसायचा आणि मला गरम भात मिळायचा, हे मी पाहत होतो. त्याचा अर्थही मी लावला होता. मी मनाशी म्हणायचो, कचेरीचा वचक आहे. गावातल्या तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी सोडायचं याचे कागद माझ्या टेबलावरून जातात, हे यांना कळतं. माझ्या टेबलावरून कागद जायचे हे खरं होतं. साहेबाकडून येऊन शिपायाकडे जाताना ते वाटेत माझ्या टेबलावर टेकायचे.

पाऊस लागला, रोवणे सुरू झाले आणि ठेंगणा वाढपी गेला. त्यात नवल नव्हतं. रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे हॉटेल, दुकान, शाळा, सगळीकडची माणसं चिखलात असतात. पण रोवणे आटोपले तरी तो आला नाही. काकाजींनी शेजारच्या गावाहून एक माणूस आणला. तो काही दिवस राहिला आणि सासू आजारी असल्याचं सांगून गेला. त्यानंतर आलेला तर बाजाराचा एक दिवस करूनच गेला, त्याला कारण सांगायलाही सवड नव्हती. माणसं कमी, तर वाढायला उशीर. उशीर, तर माझा पेला जास्त जोरात. बाकीची गिऱ्हाइकं उशिरावर ओरडत, टोमणा खात आणि हसत. मी ओरडायचो आणि शांतता पसरायची. त्या शांततेलाही मी मानच समजत होतो.

एके दिवशी काकाजी माझ्या बाकावर येऊन बसले. हलक्या आवाजात म्हणाले, माणसं का टिकून नाही राहिली काही समजत नाही, असंच चाललं तर मंडईपर्यंत हॉटेल लोटत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्रा, दंडारीचे नाच, नाटक, घरोघरी पाहुणे. हॉटेलवाल्याच्या वर्षाचा आधार म्हणजे मंडईचा दिवस. त्या दिवशी हॉटेल उघडता आलं नाही तर मग कायमचंच मिटवावं लागेल, असं त्यांच्या बोलण्यात होतं.

मी त्यांना सल्ला दिला. हे लिहिताना हात अडखळतो, पण दिला. मी म्हणालो, माणसं टिकवण्याची एक हातोटी असते, तुम्ही त्यांना फार सैल सोडता, त्यांच्या तोंडाला लगाम नाही, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे शिकवायला पाहिजे. काकाजींनी सगळं खाली मान घालून ऐकलं. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी ओठांवर आलेलं दिसलं, आणि ते उठून भट्टीत लाकूड सारायला गेले. मला वाटलं, सल्ला पटला.

त्यानंतरच्या बाजाराला उंच वाढपी एकटाच होता. बाकं भरलेली, दारात माणसं उभी, आणि तो एका हातात भात, एका हातात वरण घेऊन सगळ्यांना एकेक टोमणा वाटत फिरत होता. माझं ताट यायला उशीर झाला. तो आला तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माणसाला वाढता येत नसेल तर ढोरं राखावी."

हॉटेल गप्प झालं. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता हा काय म्हणतो म्हणून. तो काहीच म्हणाला नाही. त्यानं मला भात वाढला, वरण वाढलं. मग भांडी आत नेऊन ठेवली, खांद्यावरचं फडकं घडी करून गल्ल्यावर काकाजींच्या पुढे ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेला.

मी जेवलो. भात गरम होता.

त्यानंतर काकाजीच गल्ला सोडून कसंबसं वाढत राहिले. पोळा झाला आणि बायको माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती माझ्या खोलीवर आली. बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "दादानं हॉटेल काहून सोडलं, माहीत आहे का तुमाले?" उंच वाढप्याला ती दादा म्हणायची. नातं काही नव्हतं, एका आळीतले होते, त्यानं तिला खांद्यावर बसवून मंडई दाखवली होती.

मी म्हणालो, रोवणे असतील.

"रोवणे कवाचेच झाले."

मग मजुरी परवडत नसेल, मी म्हणालो, काकाजींचाही हात जरा आखडता आहे.

"तुमच्यानं सोडलं," ती म्हणाली. "साऱ्यायनं तुमच्यानंच सोडलं. तुमी गावचे जवाई. जवायाले बोलता येत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकानं दोन देल्ले त दादा चार देते, तिथंच फिटते. तुमी देता ते त्याले घेऊन घरी जा लागते."

हे मला खरंच कळलं नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मी त्याच मुलखातला. माझ्याही गावात गावची मुलगी दिलेला माणूस साऱ्या गावाचा जावई असतो. त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, त्याला रिकाम्या पोटी परत जाऊ द्यायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळत आलो होतो. पण जावयाच्या पाटावर बसल्यावर तो पाट आहे हे दिसत नाही. माणसाला वाटतं, आपली उंचीच तेवढी आहे.

मी बायकोला म्हणालो, "मला वाटलं, कचेरीचा मान ठेवतात."

"कचेरीचा?" ती म्हणाली. "तुमच्या सायबाले तो काय बोलला ते गावातल्या लेकरायले पाठ आहे."

मलाही पाठ होतं, मी तिथंच होतो. साहेब पाहणीला आले होते, चहाचा घोट घेऊन म्हणाले, यात नुसतं पाणी आहे. उंच वाढपी म्हणाला होता, "बराबर वळखलं सायेब, पान्याचंच खातं न तुमचं." साहेब खो खो हसले होते. साहेब हसले म्हणून मीही हसलो होतो. एवढं डोळ्यांसमोर होऊनही मी कचेरीचा वचक कचेरीच्या कारकुनाकडे कसा वळवून घेतला, ते मला आजही सांगता येणार नाही.

ती रडली नाही की भांडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "माहेरचे लोक माह्या नवऱ्याले गरीब म्हणतात असं मी समजून राहिली होती." आणि दारातून वळून म्हणाली, त्याच्याशी जाऊन बोला, नाहीतर काकाजीचं हॉटेल जाते.

त्याच्याशी जाऊन बोलणं सोपं होतं. त्याचं घर माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी दोनदा निघालो. एकदा तर अंगणापर्यंत पोचलो, तो खाटेची दोरी आवळत होता, त्यानं "या बापू" म्हटलं आणि मी विचारलं, इकडून पोस्टात जाता येतं का? पोस्ट दुसऱ्या टोकाला होतं. तो मला तिथपर्यंत सोडायला आला. मला एक पोस्टकार्ड विकत घ्यावं लागलं.

बोलणं जमेना तेव्हा मी दुसरा उपाय काढला. मी हॉटेलात गेलोच नाही तर माणसं आपोआप परततील. कुणाला काही सांगायला नको, काही कबूल करायला नको. हा उपाय मला फार सभ्य वाटला. मी एक पातेलं आणलं, खोलीत विटा मांडल्या आणि खिचडी लावली. ती खालून जळली आणि वरून कच्ची राहिली. कवेलूंच्या फटींतून धूर निघाला, आणि तो समोरच्या म्हातारीनं पाहिला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जवायानं चूल मांडली.

सासुरवाडीच्या गावात जावयानं आपली वेगळी चूल पेटवायची, याचा एकच अर्थ होतो. जावई रुसला. आणि कुणामुळे रुसला हे शोधायलाही कुणाला त्रास पडला नाही. बाजाराच्या दिवशी त्याचं ताट उशिरा आलं होतं आणि वाढणारा भरल्या पंगतीतून काम टाकून निघून गेला होता. सगळ्या गावानं पाहिलं होतं.

दोन दिवस मी कच्ची खिचडी खात मनात म्हणत होतो की आपण किती चांगलं वागतो आहोत. तिसऱ्या दिवशी सकाळी सासरे आले, काकाजी आले, आळीतले दोन म्हातारे आले. त्यांच्या मागे धुतलेला सदरा घालून उंच वाढपी आला. बायको सासूसोबत दाराबाहेर थांबली. मला पाटावर बसवलं. काकाजींनी नारळ दिला, अंगावर नवा दुपट्टा घातला. मग म्हाताऱ्यांनी खूण केली आणि उंच वाढपी पुढे येऊन माझ्या पाया पडला.

"माहं चुकलं, जवाईबापू," तो म्हणाला. "पंगत सोडून जावाचं नोको होतं."

आता बोल, मी स्वतःला म्हणालो. एवढं सोपं कधीच होणार नाही. सगळे हजर आहेत, तोही आहे, आणि चुकलं हा शब्दसुद्धा त्यानंच काढून दिला आहे. तो उचलायचा आणि म्हणायचं, तुझं नाही, माझं. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून आलं, "जाऊ द्या. माझ्या मनात काही नाही."

म्हातारे एकमेकांकडे बघून समाधानानं हलले. एक म्हणाला, जवाई मोठ्या मनाचा आहे. सासऱ्यांचे डोळे भरून आले. दाराबाहेर बायको माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही, पण ती कशी बघत होती ते मला माहीत आहे.

दुपट्टा चांगला होता. पुढचे कितीतरी हिवाळे मी तो वापरला.

उंच वाढपी हॉटेलात परतला. पाया पडला होता, म्हणजे परतणं आलंच. मीही जायला लागलो, न जाण्याची सोय उरली नव्हती. आता मी तोंडातून अक्षर काढायचो नाही. तेव्हा गावाला वाटलं, राग अजून पुरता उतरलेला नाही. माझ्या ताटात तूप जास्त पडायला लागलं. काकू आतून स्वतः वडे घेऊन यायची. दुसरी माणसं काही येईनात. ज्या हॉटेलातल्या वाढप्याला जावयाच्या पाया पडावं लागतं, तिथं काम करायला कोण येणार?

अशा स्थितीत मंडईचा दिवस उगवला. घरोघरी पाहुणे, त्यामुळे रोजंदारीवरसुद्धा कुणी मिळेना. हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. दंडारीतले लोक, पाळणेवाले, गावोगावचे व्याही, सगळे एकदम भुकेले. वाढायला एकटा उंच वाढपी. काकाजी गल्ला उघडा टाकून पाणी देत होते आणि अर्धं सांडत होते. लोक ओरडायला लागले होते, काही उठून चालले होते. आणि अशा गर्दीतही माझं ताट सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे आलं. दारात उभ्या असलेल्या एका पाहुण्यानं विचारलंच, यालेच पहिले काहून? उंच वाढपी म्हणाला, "जवाई हाये तो. तुमी बी आमची पोरगी करा, तुमाले बी देतो."

पाहुणा हसला. मी उठलो, हात धुतले, आत गेलो आणि वरणाची बादली उचलली.

काकाजींनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. जावयाकडून वाढून घेतलं, तेही मंडईच्या दिवशी, परगावच्या लोकांदेखत. याच्याहून मोठा अपमान माझ्या हातून त्यांचा झाला नव्हता. ते धावत आले आणि त्यांनी बादली धरली. मी सोडेना. ते म्हणत होते, बापू, असं नका करू, बसा. मी म्हणत होतो, काकाजी, सोडा. दोघं बादली ओढत बाकांच्या मधोमध आलो, आणि वरण दंडारीतल्या एका नाच्याच्या नेसूच्या लुगड्यावर गेलं. रात्रीच्या खेळासाठी तो आधीच नटून बसला होता.

"हे का करून राहिले जी?" उंच वाढपी पलीकडून गरजला. माझ्यावर. "इतके दिवस बसून खाल्लं, वाढणाऱ्याच्या हाताकडं कदी पाह्यलं नाही का?"

त्यानं आपली जीभ चावली. कानाला हात लावला. काकाजींनी डोळे मिटून घेतले.

"नाही पाहिलं," मी म्हणालो.

दारातला पाहुणा हसला. मग नाच्या हसला, लुगडं हातात धरून. मग उंच वाढपी, निघालंच आहे तोंडातून तर निघालं, अशा आवाजात म्हणाला, "मंग ते वरन ठेवा खाली अन् भात घ्या. भात सांडला त उचलता तरी येते."

मी भात घेतला. दुपार उतरेपर्यंत मी त्याच्या हुकमाखाली भात वाढला, आणि तो मला बोलत राहिला. कलथा असा धरतात का. याले देल्ला, त्याले का उपाशी ठेवता. वाकून वाढा, देवाले फुलं नाही टाकून राहिले तुमी. लोक हसत होते, मीही घामाघूम होऊन हसत होतो. काकाजींनी शेवटी देवाचं नाव घेतलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले. कुणी उपाशी गेलं नाही. काकूचे वडे संपले, नंतर भातही संपला. आयुष्यात माझा कुणी इतका पाणउतारा केला नाही आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो. मनात होतं, आता तो मला टोमणा मारेल, मी एखादा परत करीन, आपलंही इतरांसारखं होईल. त्यानं फडक्यानं बाक पुसलं. "या जवाईबापू," म्हणाला. गरम भात आणला, तूप घातलं आणि हात बांधून उभा राहिला.

तेव्हा मला समजलं की मंडई एक दिवसाची असते. मी त्या गावात आहे तोवर त्या हॉटेलात एक माणूस असा राहणार, ज्याला कुणी काही बोलू शकत नाही. आणि असा माणूस आज गप्प असला तरी उद्या काय करील, याचा मला स्वतःचाही भरवसा नव्हता.

मी बदलीचा अर्ज केला. नाकाडोंगरीच्या बाजूला एक जागा रिकामी होती, जंगलातली, जिथं माणसं तापानं फणफणायची, कुणी जायला तयार नसे. साहेबांनी विचारलं, काय गा, डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हणालो, तिकडची हवा मानवेल असं वाटतं. काकाजींनाही तेच सांगितलं. सासऱ्यांनाही तेच. गावानं ठरवलं की ही बढती असणार, पण जवाई बोलत नाही. बायकोनं एकटीनंच मला विचारलं, "दादाले तरी खरं सांगून आले का?" मी म्हणालो, वेळ मिळाला नाही. ती हसली. तिचं ते हसणं मी सहन केलं, एवढंच माझ्या हातात होतं.

नाकाडोंगरीला आम्ही दोघं राहिलो. आईही येऊन राहिली. पहिल्याच हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा हवेविषयी कुणी काही बोललं नाही. पुढच्या दिवाळीला बायको माहेरी जाऊन आली आणि तिनं सांगितलं, ठेंगणा वाढपी काकाजींकडे परतला. आणखी एक माणूस लागला आहे. बाकं वाढवली आहेत. मी गेल्यावर पहिल्याच बाजाराला ठेंगण्यानं येऊन आपणहून फडकं खांद्यावर टाकलं होतं म्हणे. काकाजींच्या मागे आता ते हॉटेल उंच वाढप्याकडे आहे. काकू असेपर्यंत त्यानं तिला घरच्या म्हातारीसारखं सांभाळलं.

मी सासुरवाडीला गेलो की तिथं जातोच, जावं लागतं. तोही थकला आहे, पण जीभ तशीच आहे. नवीन गिऱ्हाईक ओरडलं की तो त्याला गप्प करतो, आणि मग माझ्याकडे हात करून साऱ्या हॉटेलला सांगतो, की हे आमचे जवाई, एवढे कचेरीतले मोठे माणूस, पण मंडईच्या दिवशी काकाजी अडचणीत होते तर यायनं आपल्या हातानं भात वाढला. असा जवाई पाहाले नाही भेटत. लोक माझ्याकडे आदरानं बघतात. भात कुठं कुठं सांडला तेही तो रंगवून सांगतो.

गेल्या खेपेला मी त्याला मधेच थांबवलं. म्हणालो, दादा, त्या आधीचं पण सांग. तो माझ्या ताटाकडे बोट करून म्हणाला, "भात घ्या न बापू, थंडा होऊन राहिला."

मी भात घेतला. आधीचं तो सांगणार नाही, तेव्हा ते मलाच सांगावं लागलं.